राखणीचा कुत्रा

शेजारच्या काकांचं मनगट माझ्या कुत्र्याच्या जबड्यात होतं आणि काका एका पायावर उभे राहून ओरडत होते, हे दृश्य आमच्या अख्ख्या कॉलनीने पाहिलं. त्याने चावा घेतला नव्हता, नुसतं धरून ठेवलं होतं. पण दात ते दात, दोन ठिकाणी रुतलेच. काकांना इंजेक्शनं घ्यावी लागली. बरं, त्यांची चूक काडीचीही नव्हती. वाळत घातलेली माझी ओढणी दोरीवरून उडून मधल्या भिंतीवर पडली होती, ती उचलून मला द्यावी एवढाच त्या भल्या माणसाचा विचार होता.

मी दारव्ह्याला झेरॉक्सचं दुकान चालवते. नवरा शेती पाहतो. कापूस, मधे तुरीची ओळ, थोडं सोयाबीन. शेत गावापासून लांब, एका तांड्याला लागून आहे. कुत्रा त्या तांड्यातलाच. तिथे एक म्हातारी आहे, तिला आम्ही सगळे याडी म्हणतो, म्हणजे आई. पिल्लू असतानाच तिने तो माझ्या ओटीत टाकला आणि वर मलाच तंबी दिली.

"भाकरीचा पह्यला तुकडा तुह्या हातानं देत जाय वं बाई. मंग तुह्या सामानाले हा कोनाले शिवू देनार नाही."

आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत हे असंच चालतं. बायका सकाळी येतात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली शिदोरी, चपला, पाण्याची कॅन ठेवतात आणि कापसात शिरतात. सामानापाशी कुत्रा. दुपारपर्यंत तिकडे माकडं येत नाहीत, गुरं येत नाहीत, माणूस तर नाहीच. कितीही हाका मारा, तो जागचा हलत नाही. दुपारी जिचं गाठोडं तिने यायचं, स्वतःच्या हाताने उचलायचं, सोडायचं आणि पहिला तुकडा त्याला घालायचा. तुकडा पोटात गेला की त्याचं काम संपलं. मग तो शेपटी हलवत वाट्टेल तिकडे जायला मोकळा.

त्याला कॉलनीत आणलं ते रानडुकरामुळे. एका सकाळी नवऱ्याला तो धुऱ्यावर पडलेला सापडला, कुशीत हातभर फाटलेला. टाके घातले, माझ्या स्वयंपाकघरात जुन्या चादरीवर ठेवला, आणि टाके निघाले तोवर माझा जीव त्याच्यात अडकला होता. परत शेतावर पाठवायचा विषय निघाला की मी भांडी आपटायला लागायचे. कारण होतं. त्याच्या आधीचा आमचा कुत्रा शेजारच्या शेतात मेला होता. डुकरांसाठी लोक कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. डुक्कर मरतं की नाही ठाऊक नाही, आमचा कुत्रा मेला. मी त्याला तारेवरून सोडवलेला नाही, नवऱ्याने सोडवला. पण घरी आल्यावर त्याच्या हातांना जो वास येत होता तो मी विसरलेली नाही.

कॉलनीत मात्र या पठ्ठ्याने धुऱ्यावरचेच कायदे लावले. गेटला टांगलेली दुधाची पिशवी माझी, म्हणून दूधवाल्याला ती परत सरळ करू देईना. दुकानातून आणलेला कागदांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला तर नवऱ्यालासुद्धा वळसा घालून घरात शिरावं लागे. तोवर लोक हसत होते. काकांच्या मनगटानंतर हसणं थांबलं.

काका एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून प्रत्येक गोष्ट गाडी सुटायच्या घोषणेसारखी बोलतात. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ते आमच्या अंगणात आले आणि नवऱ्याला म्हणाले, "हे पाय, मानसात राह्यता येत असन तं राहू दे. नाही तं शेतात नेऊन बांध. दुसऱ्यांदा कोनाले दात लागला तं मी बोलनार नाही, सरळ तक्रार करीन."

नवऱ्याने "हाव" म्हणून होकार दिला. मला विचारलंसुद्धा नाही, मी दुकानात होते. संध्याकाळी कळलं तेव्हा मी इतकी चिडले की पोळी तव्यावर जळली ती तशीच त्याच्या ताटात वाढली. त्याने गुपचूप खाल्ली. मग म्हणाला, "मले काय तो जड झाला काय? पन काकांचं चुकलं काय सांग बरं." चुकलं नव्हतं, म्हणून माझा राग आणखी वाढला.

यवतमाळला गावाबाहेरच्या एका मैदानावर दर रविवारी एक निवृत्त हवालदार कुत्र्यांना शिकवतात असं कोणीतरी सांगितलं. नोकरीत असताना ते पोलिसांची कुत्री सांभाळायचे. मी कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधून काळी-पिवळी जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने आम्हाला सगळ्यात मागे, कांद्याच्या पोत्यांवर बसवलं. यवतमाळपर्यंत एकही प्रवासी माझ्याशी बोलला नाही.

मला काय हवं होतं? त्याने माणसांना दात लावू नयेत, बस. पण हवालदार साहेबांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्यांचा रिलेचा संघ होता. चार कुत्री, एकामागून एक. प्रत्येकाने चार अडथळ्यांवरून उड्या मारत जायचं, टोकाला ठेवलेला लाकडी डंबेल तोंडात धरायचा, तसंच उड्या मारत परत यायचं. तो रेषा ओलांडून आला की पुढचा सुटतो. वेळ ज्यांचा कमी ते जिंकले. त्यांच्या चौथ्या कुत्र्याचा मालक बदली होऊन गेला होता आणि हिवाळ्यात नागपूरला स्पर्धा होती. मी गेले त्याच दिवशी माझ्या महाराजांनी मैदानाचं कुंपण एका उडीत पार केलं, आत एक चक्कर मारली आणि पुन्हा उडी मारून माझ्या पिशवीपाशी येऊन बसले.

साहेब बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिले. "ताई, हा गावठी दिसते, पन याच्या मागच्या पायात स्प्रिंगा आहेत. मले द्या टीमले."

"साहेब, मले फक्त तो शांत व्हायला पाहिजे."

"टीममधी टाका, शांत होईन. रिकामा कुत्रा कायले शांत बसन?"

संघात आधीचे तिघं होते. दातांची डॉक्टरीण आणि तिचा गुबगुबीत लॅब्रॅडोर, पेट्रोल पंपवाला आणि त्याचा अल्सेशियन, आणि कॉलेजातली एक मुलगी, जिचा डॉबरमन तिच्यापेक्षा वजनदार असावा. माझ्या कुत्र्याला बघून पंपवाला म्हणाला, "हा कोनत्या जातीचा आहे?" मी म्हटलं, "आमच्याच." तो हसला, पण वाईट हसला नाही. त्यांच्या कुत्र्यांचे पट्टे चामड्याचे होते आणि माझ्याकडे बैलाच्या कासऱ्यातून उरलेला दोर होता.

सराव सुरू झाला आणि दोन गोष्टी उघड झाल्या. एक म्हणजे तो सगळ्यात वेगवान होता. दुसरी म्हणजे माझी एखादी वस्तू जमिनीवर असली की त्याच्या लेखी स्पर्धा संपली. मी चप्पल काढून उभी राहिले, तो अर्ध्यातून येऊन चपलेवर बसला. पाण्याची बाटली खाली ठेवली, तिच्यापाशी बसला. एकदा लॅब्रॅडोर माझी पिशवी हुंगायला आला तेव्हा त्याने जो दात दाखवला, त्याने डॉक्टरीणबाई आपल्या कुत्र्याला उचलून मागे पळाल्या. उचलण्यासारखा तो कुत्रा नव्हता.

हवालदार साहेब त्या दिवशी माझ्यावर असे कडाडले की बाकीच्यांनी माना खाली घातल्या. "नागपुरात पंचाले दात दाखवला ना, तं कुत्रा बाद, टीम बाद, अन् पुन्हा कोनत्याच मैदानावर पाय ठेवू देनार नाहीत. समजलं?"

मला समजलं होतं. त्यांना टीमची काळजी होती, मला तारेतल्या करंटची.

मग त्यांनी एकच ध्यास घेतला. दर रविवारी माझी ओढणी, माझी चप्पल, माझी पिशवी अडथळ्यांच्या मधोमध टाकायची आणि कुत्र्याला तिच्यावरून पळवायचं. थांबला की पुन्हा सुरुवातीपासून. तो माझ्याकडे असा बघायचा की मला वाटायचं, त्याला मी वेडी झाले असं वाटत असणार. आधी राखायला शिकवलं आणि आता तीच वस्तू तुडवून जा म्हणते. पण हळूहळू तो शिकला. एका रविवारी तो माझ्या ओढणीवरून सरळ उडी मारून गेला, डंबेल घेऊन आला, परत तिच्यावरून उडी मारली आणि रेषेवर येऊन माझ्या पायाशी थांबला. साहेबांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "झालं." कॉलेजच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मी ओढणी उचलून झटकली आणि तिच्यातच तोंड पुसलं. मी रडत होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

काकांना नवऱ्याने ही बातमी सांगितली. काका म्हणाले, "नागपूरले मी सोबत येतो. एवढ्या लोकाइत कसा वागते ते माह्या डोळ्यानं पाह्यतो. कोनाले दात लावला नाही, तं माहं काही म्हननं नाही. लावला, कोनावर गुरगुरला जरी, तं त्याच दिवशी शेतात." नवरा पुन्हा "हाव" म्हणाला. त्या दिवशी मी पोळी जाळली नाही. अट बरोबर होती आणि मला भीती वाटत होती.

नवऱ्याला वेचणी सोडून येता येईना. काकांकडे मुलाने घेऊन दिलेली एक छोटी कार आहे, तिच्यातून आम्ही तिघं निघालो. काका चालवणार, मी मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून कुत्रा. तोंडाला जाळी. काकांनी मानेभोवती तपकिरी मफलर गुंडाळला होता आणि आरशात रस्ता कमी आणि कुत्रा जास्त बघत होते.

कळंबच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. मी शिदोरी सोडली, भाकरी आणि झुणका काकांच्या समोर मांडला, कुत्र्याची जाळी पाणी पाजायला काढली आणि भांडं घेऊन हापशावर गेले. हापसा जड होता. परत आले तर काका बाकावर अंग चोरून बसले होते आणि कुत्रा त्यांच्यासमोर बसून तोंड चाटत होता.

"काका, काही केलं का त्याने?"

"नाही वं सूनबाई. माह्या घासाकडं पाहून राह्यला होता. मले घास उतरे ना. देल्ला एक तुकडा पह्यले त्याले, मंग मी खाल्लं."

मला वाटलं, बरं झालं, ओळख वाढली. जाळी पुन्हा बांधली आणि आम्ही निघालो. याडी सोबत असती तर तिने तिथेच कपाळावर हात मारला असता.

नागपूरच्या मैदानावर मी आयुष्यात पाहिली नव्हती इतकी कुत्री होती. तंबू, दोऱ्या, माइकवरचा आवाज, लहान मुलं, आइस्क्रीमच्या गाड्या. मी काहीही खाली ठेवलं नाही. ओढणी मुद्दाम आणलीच नव्हती, बूट घट्ट बांधले होते, पिशवी पाठीला होती. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत दोन संघ धावणार होते. काका दोरीपलीकडे, आमच्या पट्ट्याला लागून, तिसऱ्या अडथळ्यापाशी उभे राहिले. तिथून त्यांना सगळं स्पष्ट दिसणार होतं. ऊन चढलं तसा त्यांनी मफलर काढून समोरच्या दोरीवर टाकला.

तोवर तो एकावरही भुंकला नव्हता. एका पोराने त्याच्या शेपटीवर पाय दिला तरी त्याने फक्त मान वळवली. मी काकांकडे बघितलं. काकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

लॅब्रॅडोर पहिला सुटला. मंद, पण एकही अडथळा पाडला नाही. अल्सेशियनने वेळ भरून काढला. डॉबरमन तर असा आला की पलीकडच्या पट्ट्यातला कुत्रा त्याच्या बराच मागे राहिला. साहेब माझ्या बाजूला उभे राहून पुटपुटत होते, "आता काही करू नका ताई. नुसता सोडा. नुसता सोडा."

मी जाळी काढली आणि त्याला सोडला. तो गेला ते मला एकदम घर सोडून गेल्यासारखं वाटलं. एक, दोन, तीन, चार उड्या, टोकाला डंबेल, वळला. पलीकडचा अजून जात होता. पंपवाला माझा दंड धरून ओरडत होता. "आला, आला, आपलाच आला!"

तेवढ्यात काकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, दोरी हलली आणि मफलर घसरून आतल्या बाजूला पडला. बरोबर आमच्या पट्ट्यात.

कुत्रा तिसऱ्या अडथळ्यावरून उतरला, दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. मागे वळला. मफलर हुंगला. डंबेल तोंडातून काढून त्याच्यावर ठेवला, पुढचे दोन्ही पाय मफलरवर टेकवले आणि बसला.

मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, कान हलवले आणि जागेवर राहिला. मी पुन्हा हाक मारली, माझा आवाज फाटला. माझ्या सगळ्या वस्तूंवरून आम्ही त्याला पळवलं होतं. दुसऱ्या कोणाची वस्तूही तो राखू शकेल, हे ना साहेबांच्या डोक्यात आलं होतं, ना माझ्या. तेव्हासुद्धा आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की हातात झेंडी घेतलेला एक तरुण पंच मफलर उचलायला त्याच्याकडे चालत निघाला होता.

"रेषा ओलांडू नका!" साहेब ओरडले. "ताई, रेषा नाही! तो उचलन, कुत्रा येईन, अजून जमते!"

पंच वाकला. कुत्र्याचा ओठ वर गेला. रेषेवरून मला त्याची गुरगुर ऐकू आली नाही, पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले दिसले.

मी रेषा ओलांडली. ओलांडली म्हणजे धावले, आणि धावताना "हात नका लावू" असं ओरडत होते. मागे माइकवर आमचा संघ बाद झाल्याचं सांगितलं गेलं. मी पंचाच्या आणि कुत्र्याच्या मधे जाऊन उभी राहिले. पंच रागावून काहीतरी बोलत मागे सरला. मी वाकून मफलरचं टोक धरलं.

तो माझ्यावर गुरगुरला.

हळू, घशातल्या घशात. पण माझ्यावर. ज्या हाताने त्याच्या टाक्यांना हळद लावली त्या हातावर. मी इतकी दुखावले की हात तसाच हवेत राहिला. आणि मग एकदम मला टपरीवरचा बाक दिसला, हापसा दिसला, तोंड चाटणारा कुत्रा दिसला. पह्यला तुकडा.

"काका," मी म्हटलं. "काका, हा तुमची राखण करून राहिला. तुम्हीच उचला. मला नाही देणार तो."

काका दोरी धरून उभे होते. "मी? मले चावन थो."

"नाही चावणार. तुम्ही त्याला पहिला तुकडा दिला. आता तुम्ही त्याचे झालात."

लोक बघत होते. साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या मानेची शीर मला तिथून दिसत होती. पलीकडचा संघ केव्हाच जिंकून नाचत होता. काकांनी दोरी वर केली, खालून आत आले. ज्या मनगटावर दाताचे दोन डाग होते तोच हात त्यांनी पुढे केला. त्यांनी मफलरचं टोक पकडलं.

कुत्र्याने पाय उचलले. उभा राहिला, शेपटी हलवली आणि काकांच्या तोंडाकडे बघत बसला.

"आता कायले पाहून राह्यला?" काकांनी मफलर छातीशी धरून विचारलं.

"तुकडा मागतोय."

काकांनी सदऱ्याचे खिसे चाचपले. टपरीवरच्या बिस्किटाचा एक चुरा निघाला. तो त्यांनी तळहातावर धरला. कुत्र्याने दात न लावता, नुसत्या जिभेने उचलला.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसून रडत होत्या. कॉलेजच्या मुलीने माझ्याकडे पाठ केली. त्यांची कित्येक रविवारांची मेहनत माझ्यामुळे मातीत गेली होती आणि मी माफी मागितली तेव्हा पंपवाला फक्त "ठीक आहे" म्हणाला, तेही त्याला ठीक नव्हतं. साहेबांनी अडथळे गोळा केले. मी मदतीला गेले तर त्यांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली. "पुढच्या रविवारी येऊ नका ताई," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते वाईट वाटणं दुसऱ्या नंबरचं होतं. माझं सगळं लक्ष काकांकडे होतं. कोणावर गुरगुरला जरी, असं ते म्हणाले होते. तो पंचावर गुरगुरला होता. माझ्यावर गुरगुरला होता. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत.

परतीच्या रस्त्यावर काका समोर बघत गाडी चालवत होते. काय बोलावं हे मी मनात जुळवत होते. विनवणी करायची, की भांडायचं, की घरी काकू आहेत, त्यांच्याकडून सांगायचं. कुत्रा माझ्या मांडीवर झोपला होता. वर्ध्याजवळ नवऱ्याचा फोन आला. मी काही सांगायच्या आत काकांनी पुढून हात लांब करून फोन घेतला आणि म्हणाले, "टीम बाद झाली. गुरगुरला. येतो आम्ही." आणि फोन ठेवला. मी खिडकीकडे तोंड केलं. तुरी फुलल्या होत्या. मला त्या वेळी तुरीचासुद्धा राग आला.

दारव्ह्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरा गेटपाशी उभा होता. त्याच्या हातात दोर होता आणि रस्त्याच्या कडेला कापसाची रिकामी पिकअप उभी होती. तो शब्दाचा पक्का माणूस आहे. त्याच गुणासाठी मी त्याच्याशी लग्न केलं आणि त्या संध्याकाळी त्याच गुणाचा मला संताप आला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मी कुत्र्याला घेऊन उतरले. काका उतरले. त्यांनी गाडी नीट बंद केली, दरवाजा ओढून पाहिला. मग सावकाश चालत मधल्या भिंतीपाशी गेले, जिथे तेव्हा माझी ओढणी येऊन पडली होती. गळ्यातला मफलर काढला, त्याची घडी केली आणि ती आमच्या बाजूला, भिंतीच्या बुडाशी ठेवली.

कुत्रा माझ्या हातून सुटून तिथे गेला, घडी हुंगून बसला.

"काका?" नवरा म्हणाला.

"माहा मफलर आहे," काका म्हणाले. "आज इथंच राहू दे. सकाळी येतो न्यायले."

"पन आपलं ठरलं होतं ना, आज त्याले शेतात..."

"ठरलं होतं तं ने ना. मी कुठं नाही म्हनून राह्यलो?" काका आपल्या पायरीवर चढले. "मफलरले फक्त हात लावू नको."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. नवऱ्याने दोर सावरला आणि भिंतीकडे दोन पावलं टाकली. कुत्र्याचा ओठ वर गेला. नवरा थांबला. थोडा वेळ त्या दोराकडे आणि थोडा वेळ कुत्र्याकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे वळला.

"आता याले नेऊ कसा?"

मी पायरीवर बसले होते. त्याने दोर गेटला अडकवला आणि पिकअपवाल्याला जायला सांगितलं.

सकाळी उजाडताच काका आले. हातात गरम पोळी होती. त्यांनी मफलर उचलला, झटकला, गळ्यात घातला आणि पहिला तुकडा कुत्र्याला दिला. संध्याकाळी फिरून आल्यावर त्यांनी मफलरची घडी करून पुन्हा तिथेच ठेवली. थंडी संपली, तरी ते रोज येऊन ठेवतात.